पिशवीवरची हिरामावशी

कामशेतला स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानातला पेपर संपतो, किस्से मात्र संपत नाहीत. त्यात गेल्या उन्हाळ्यात मी 'तुमचा धंदा इंटरनेटवर टाकून मिळेल' अशी पाटी लावली, आणि मग तर विचारूच नका! गांडूळखतवाले आले, फर्निचरवाले आले. पण निम्मे किस्से एकट्या हिरामावशीचे.

मावशी मळवलीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भातशेत तिचं आणि तिच्या थोरल्या दिरांचं सामाईक. सगळं गाव त्या दिरांना आबा म्हणतं. शेताच्या तिन्ही बाजूंना बंगले उभे राहिलेत, आणि आबांनी तिला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतुर बगू. तांदूळ घरबसल्या इकला तर ठीक, न्हाईतर शेत बंगल्याला."

पाटी वाचून मावशी सरळ आत आली. "वैशाली, मला टाक इंटरनेटवर!"

*

मी म्हटलं, तांदळाचा फोटो लागेल. दुसऱ्या दिवशी मावशी हजर! कडक इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काहीच नाही.

"मावशी, तांदूळ कुठाय?"

"तांदूळ काय, समद्यांचा पांढराच दिसतो. लोकं मानूस बगून घेत्यात!"

मी वाद घातला आणि हरले. तांदळाच्या पिशवीवर मावशीचा फोटो छापला. चेहऱ्यावर हसू नाही, नजर अशी थेट, की गिऱ्हाइकानंच काहीतरी चोरलंय असं वाटावं!

*

मग फॉर्म भरायला बसलो. "कंपनीत कर्मचारी किती?"

"दोन. मी आन् आबा." मग खुर्ची पुढं ओढून हळूच, "पर त्यांना सांगू नगंस."

मी दोघांची नावं तशीच भरली. पुढं ओटीपी आला. "मावशी, मोबाईलवर नंबर आलाय बघ, सांग."

मावशीनं मोबाईल पदराखाली घेतला. "न्हाई सांगायची. कुनालाबी सांगू नका म्हून लिवलंय."

"अगं, मी वैशाली!"

"तू 'कुनालाबी'त येत न्हाईस व्हय?"

शेवटी तिनंच एका बोटानं आकडे दाबले. दर वेळी वेळ संपायची. चौथ्या ओटीपीला कंपनी चालू झाली आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मळवलीच्या बांधावरून कंपनी! माझ्या तर अंगावर काटा आला.

*

नकाशावर मी शेताची खूण टाकून दिली होती. लावणीच्या दिवसांत एक गाडी थेट बांधाला येऊन थांबली. आतल्या चौघांना खरं तर शेजारचा बंगला हवा होता.

"चेक-इन इथेच का?"

मावशी गुडघाभर चिखलात. तिनं वर बघितलं. "हितंच. चपला काढा आन् उतरा!"

उतरली की माणसं! दोन तास रोपं लावली, चिखलातले फोटो काढले, जाताना तांदूळ घेऊन गेली. ते फोटो कुणीकुणी पाहिले कोण जाणे, पुढच्या रविवारी तीन गाड्या! मावशीचा मला फोन. "वैशाली, लोकं चिखलात उतरायचं पैसं देत्यात गं! आदी का न्हाई सांगितलंस?"

पाहुणे गेल्यावर आबा मात्र एकटेच शेतात उतरले आणि त्यांच्या वाकड्या ओळी सरळ करत बसले.

*

एक दिवस मावशी पेढे घेऊन आली. "एक स्टार मिळाला! पयला नंबर!"

पेढा तोंडात टाकून मी स्क्रीन बघितली. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'भाताचा नुसता गोळा झाला.' पाचापैकी एक म्हणजे काय, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. पण सांगितलं.

मावशी स्टुलावर बसली. "आबांनाबी पेढा दिला गं," एवढंच बोलली. मला फार वाईट वाटलं.

मग एकदम उठून म्हणाली, "नंबर लाव त्या बाईला."

"ताई, कुकरच्या शिट्ट्या किती केल्या?"

"सहा."

"सहा! आवं, इंद्रायणी हाय ती, जातीचीच मऊ. दोन शिट्ट्या करा, आन् पानी बेतानं घाला. आज लावा, मी उद्या इचारते."

दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. आठवड्यानं बाईंनी पाच किलो तांदूळ मागवला आणि लिहिलं, 'पाच स्टार. आता कृपया मावशींचे फोन थांबवा.'

*

दिवाळी तोंडावर आली. तांदूळ झकास खपत होता, पण आबा शेताचं काही बोलत नव्हते आणि मावशीची विचारायची हिंमत होत नव्हती. मी उभ्या पिकाचे फोटो काढायला गेले, त्याच दिवशी आबांनी बोलावलेले पुण्याचे एक साहेब जागा बघायला आले. नकाशा लावून आले होते. आबा बांधावर उभेच होते. मावशीचा चेहराच पडला.

साहेबांनी गाडीतून उतरून मोबाईल बघितला, मग मावशीकडे बघितलं. "अहो, तुम्ही तर आमच्या पिशवीवरच्या मावशी! आमच्याकडे दर महिन्याला तुमचाच तांदूळ येतो!" आणि खुशीत मोठ्यानं वाचायलाच लागले. "हिरामावशी तांदूळ, मळवली. कर्मचारी दोन..."

मावशी डोळ्यांनी खुणावत होती. साहेब कुठले थांबतात!

"...हिराबाई आणि आबा. हे आबा कोण?"

आबांनी एकदा भाताकडे बघितलं. मग म्हणाले, "सायेब, उद्या फोन करतो." आणि तडक घरी निघून गेले.

"वैशाली, घात झाला गं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधीच आबा दुकानाच्या दारात उभे. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, मिशीला तेल.

"कंपनीत माजं नाव हाय म्हनं?"

"हो आबा, ते मावशीनं..."

"मग पिशवीवर फोटू तिचा एकलीचाच का?"