साहेबांच्या वडिलांच्या चाळीस पुंगळ्या

आखातात चौदा वर्षं काढली की माणसाला अरबी येत असणार, असं गावाकडच्या लोकांना वाटतं. मला यल्ला, खलास आणि इन्शाल्ला एवढंच येतं. बाकीचा कारभार मी 'येस सर'वर रेटला. आमच्या अरब साहेबांनी विचारलं आणि मला आलं नाही, असं कधी झालंच नाही. त्यांच्या शेतावरचा पंप मला येत होता, त्यांच्या मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट मला येत होतं, एकदा तर त्यांच्या आजारी उंटाचं औषधही मला येत होतं. उंट वाचला, तो स्वतःच्या हिमतीवर. खरं तर मी प्रेशर गेज तपासणारा साधा इंजिनियर. काटा किती दाखवतो आणि त्याने किती दाखवायला हवं, यातला फरक काढायचा आणि सही ठोकायची, हे माझं पोट भरायचं काम.

यंदा मार्चअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. नूतनीकरणाच्या कागदावर सही साहेबांची. मुलगी आता दहावीत जाणार होती. सही झाली नाही तर ऐन बोर्डाच्या वर्षात तिला इथल्या अल् घुब्राच्या शाळेतून उचलून पुण्याच्या शाळेत टाकावं लागणार, जिथे मराठीच्या बाई तिला काय विचारतायत हेच तिला कळणार नव्हतं. त्यामुळे त्या महिन्यात मी जरा जास्तच वाकून चालत होतो.

अशात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक मळकी कापडी पिशवी होती. त्यांनी ती उपडी केली, तर खळखळ करत काळपट पितळेच्या पुंगळ्या बाहेर पडल्या. रायफलीतून झाडून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या.

"मुहंदिस," साहेब म्हणाले. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. काम असलं की ते मला असंच हाक मारतात. "रीलोडिंग मालूम?"

"येस सर," मी म्हणालो. मग विचार करू लागलो की हे रीलोडिंग म्हणजे काय असावं.

ते साहेबांनीच सांगितलं. त्यांचे वडील सूर या किनाऱ्यावरच्या गावी राहतात. म्हाताऱ्यांकडे त्यांच्या स्वतःच्या वडिलांची जुनी रायफल आहे, परवान्याची. तिची काडतुसं आता कोणी बनवत नाही. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यावर पडदा आलाय, दुसऱ्यावर येतोय. दिसतंय तोवर एकदा वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, दगडावर नेम धरायचा आणि त्या रायफलीचा आवाज ऐकायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी धरून ठेवली होती. जुन्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरता येतात, हे साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. यंत्र त्यांनी मागवलं होतंच. परवान्याचं आणि दारूगोळ्याचं त्यांचा चुलत भाऊ बघणार होता. फक्त जाणकार माणूस हवा होता.

"नो प्रॉब्लम सर," जाणकार माणूस म्हणाला.

मग माझा अभ्यास सुरू झाला. जेवताना, दात घासताना, लिफ्टमध्ये मी मोबाइलवर अमेरिकन आजोबांचे व्हिडिओ बघू लागलो. प्रत्येक आजोबांच्या गॅरेजमध्ये एक यंत्र, पोटावर एप्रन आणि दुसऱ्या आजोबांबद्दल वाईट मत. पहिले म्हणत, दुसऱ्याचं ऐकाल तर डोळा गमवाल. दुसरे म्हणत, पहिल्याचं ऐकाल तर हात गमवाल. मला कोणता अवयव कोणाच्या सल्ल्याने जातो हे पाठ झालं, बाकी काही झालं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा फोन आता फक्त गन्सच दाखवतो. प्लीज, स्कूलमध्ये पेरेंट्स मीटिंगला फोन काढू नका."

साहेबांच्या अझैबा भागातल्या बंगल्यात जाऊन मी यंत्रही बघून आलो. चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ म्हणावा असं ते धूड होतं, दांडा खाली ओढायचा. मी तो दोनदा ओढला, मान हलवली आणि "गुड क्वालिटी" म्हणालो. साहेब खूश झाले. एवढ्या भांडवलावर मी पुढच्या शुक्रवारी सूरला जायचं ठरवलं. म्हाताऱ्यांना स्वच्छ पुंगळ्या दाखवायच्या, त्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग भरायला बसायचं.

सर्व आजोबांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर, की आधी पुंगळी लख्ख हवी. त्यासाठी ते वेगळं यंत्र सांगत होते. मी पिशवी बायकोला दिली. तिने एक पुंगळी नखाने खरवडून बघितली आणि म्हणाली, "पितळच आहे की. यंत्र कशाला?" चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन ती मोरीत बसली. संध्याकाळी ओट्यावर चाळीस पुंगळ्या उलट्या वाळत होत्या आणि बुद्धमूर्तीपुढच्या समईपेक्षा जास्त चमकत होत्या. मला खरोखर अभिमान वाटला. शुक्रवारी सकाळी तिने स्टीलचा डबा घट्ट बंद करून माझ्या हातात दिला, तो मी उघडून पाहिला नाही.

सूरला साहेबांच्या वडिलांनी मला आणि साहेबांना ओसरीत बसवलं. खजूर आला, कहवा आला. म्हातारे तरुणपणी लाकडी जहाजावर मुंबईला ये-जा करत, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली. रायफल त्यांनी मांडीवर घेतली होती. मी डबा उघडला.

प्रत्येक पुंगळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. म्हाताऱ्यांनी एक उचलून बोळा काढला आणि पुंगळी तळहातावर कलती केली. साखर पडली.

मला क्षणात सगळं कळलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीची वाटी आली तर जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर जाते. काडतूस असलं म्हणून काय झालं, भांडं दुसऱ्याचंच ना. बायकोने चाळीसच्या चाळीस भरून, वर सांडू नये म्हणून कापूस लावून दिल्या होत्या.

"ये क्या है?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच साहेब म्हणाले, "टेक्निकल होगा. मुहंदिस, मॉइश्चर के लिए?"

"येस सर," मी म्हणालो. "मॉइश्चर के लिए."

माणसाने किती खाली जावं याला काही मर्यादा असते, असं मी तोवर समजत होतो. साहेब आपल्या वडिलांना अरबीत काहीतरी समजावू लागले, बहुधा साखर ओलावा कसा शोषते ते. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अच्छा है. तो तुम भरो. और पहली गोली तुम चलाओ."

"मैं?"

"जहाज पे बावर्ची पहले खाता था, फिर हम लोग. जो भरेगा, वही पहले चलाएगा."

"मुहंदिस रेडी है," साहेब अभिमानाने म्हणाले.

एका आजोबांनी व्हिडिओच्या शेवटी एक फाटलेली रायफल दाखवली होती. केळ्याच्या सालीसारखी सोललेली. हिचा मालक आता डाव्या डोळ्याने बघतो, असंही ते म्हणाले होते. माझ्या गालाला ते लाकूड लागणार, तोंडापासून वितीवर मी स्वतः भरलेली दारू पेटणार, आणि ती मी किती भरलीय हे मला माहीत नसणार. चौदा वर्षांत माझ्या 'येस सर'चा धोका नेहमी दुसऱ्या कुणाला होता. उंटाला होता, पंपाला होता. स्वतःच्या डोळ्यापर्यंत तो पहिल्यांदाच आला. मुलीची दहावी डोळ्यांसमोर आली, सहीचा कागद आला, पण रायफलीची नळी त्या सगळ्याच्या पुढे होती.

"हाजी," मी म्हाताऱ्यांना म्हणालो, "मेरे को नहीं आता."

"चलाना नहीं आता?"

"चलाना, भरना, कुछ भी नहीं आता. ये शक्कर भी बीवी ने डाली है. हमारे यहाँ खाली बर्तन वापस नहीं करते."

मग म्हाताऱ्यांनी तळहातावरची साखर जिभेला लावली. "तुम्हारी बीवी को काम आता है," ते म्हणाले. हसले नाहीत. रायफल घेऊन भिंतीला हात लावत लावत ते आत गेले आणि परत बाहेर आले नाहीत. त्यांना एक आवाज ऐकायचा होता, आणि मी महिनाभर त्यांना आशा लावून ठेवली होती. त्याची लाज मला आजही वाटते, माझ्या बाकीच्या सगळ्या थापांपेक्षा जास्त.

परतीचे दोन तास साहेब गाडी चालवत होते आणि मी डबा मांडीवर धरून बसलो होतो.

रविवारी त्यांनी मला बोलावलं. समोर माझा नूतनीकरणाचा कागद होता, त्यावर ताजी सही होती. दोन वर्षं. मी हात पुढे केला. साहेबांनी कागदावरचा तळहात उचलला नाही.

"मुहंदिस," ते शांतपणे म्हणाले, "मेरे फादर का काम दूसरा कोई कर देगा. एक बात बताओ. जनवरी में टंकियों के बारह गेज तुमने पास किए. वो तुमको मालूम था, या वो भी येस सर था?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. कागद चार बोटांवर होता, बारा गेजवर माझ्या बारा सह्या होत्या आणि साहेब काही टाकीवर चढून बघणार नव्हते. पण त्यांच्या तोंडून माझाच शब्द ऐकला आणि तो मला पुन्हा उच्चारता येईना.

"दस चेक किए थे, सर," मी म्हणालो. "दो ऊपर थे. शिडी मंगानी पड़ती थी."

त्यांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवली आणि खणाला किल्ली लावली.

"शिडी मंगाओ," ते म्हणाले.