बॅगेचा फोटो आधी त्यांना

अमिरातीतल्या अल ऐन शहरातले आमच्या ओळखीचे फार्मसिस्ट मूळचे रत्नागिरीचे. डब्यावरची बारीक अक्षरं ते अशी वाचतात, की मुंगीसुद्धा त्यांना आपलं नाव-गाव सांगून पुढे जाईल. परदेशातून कुणी यायचं ठरलं, की आम्ही मराठी मंडळी उघड्या बॅगेचा फोटो आधी त्यांना पाठवतो. त्यांचं "खलास, या!" (अरबीतलं 'झालं, ठीक आहे') आलं की मगच बॅगेची चेन लागते.

माझ्या लेकीच्या बारशाला आत्या टोरांटोहून निघाली. फोटो पाहताच त्यांनी तिला फोन लावला.

"आत्या, ते गुडघ्याचं मलम काढा. त्यात गांजाच्या झाडाचा अर्क आहे."

"अरे, इथे दुकानात उघड मिळतं! नशा नाही त्यात. संशोधन झालंय!"

"झालंय, मीही वाचतो. पण इथे ते बॅगेत सापडलं, तर बारशाऐवजी पोलीस ठाण्यात बसाल."

आत्या अशी कडाडली, की ओमानपर्यंतचे उंट उठून उभे राहिले असतील. "मग गुडघासुद्धा इथेच ठेवून येऊ का?"

"गुडघा आणा. दुखण्याला इथे बंदी नाही, त्याचं मी बघतो."

आत्या मलमाशिवाय आली. आम्ही दुबई विमानतळावर पोचलो, तर दुकान बंद करून आलेले हे गृहस्थ तिची व्हीलचेअर ढकलत आमच्याच दिशेने येत होते.