आण्णाच्या खटल्याचा गल्लीतला निकाल

निपाणीत आमच्या गल्लीत कोर्ट रोज भरतं. सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलं की झालं, पान कातरता कातरता माणसाला फाशी. असले किस्से माझ्याकडं ढिगानं साठलेत.

विडी कामगारांच्या पुढाऱ्याला भरसभेत गोळी घातली, त्याला आता लई वर्षं झाली. कटात माझ्या थोरल्या भावाचं, आण्णाचं, नाव घातलं. खऱ्या कोर्टानं त्याला सोडलं. गल्लीनं अजून न्हाय.

*

आण्णाला धरलं तवा शेजारची शेवंता म्हणाली, मयतीला ह्याच्या डोळ्यांत टिपूस न्हवता, ह्योच खुनी. तिचा नवरा म्हणाला, "उलटं हाय. लई रडत हुता, म्हणून तर संशय." एका घरात दोन साक्षी, अन् दोन्हीत माझाच भाऊ गुन्हेगार!

*

माफीचा साक्षीदार झाला बाळू. बंदूक मीच आणली म्हणाला अन् मोकळा सुटला. मग हॉटेलात बसून कटाची गोष्ट सांगायचा. ज्याच्याशी भांडण हुईल त्याला कटात घ्यायचा. न्हाव्यानं दाढी करताना कापलं, तर दुसऱ्या दिवशी न्हावीबी कटात! ह्याच्या एकट्याच्या जबानीवर कुणाला शिक्षा देता येत न्हाय, असं जज्जसाहेब म्हणालते. ते मात्र कुणाच्या ध्यानात न्हाय.

*

आण्णा सुटला तवा मी पेढे वाटले. कोपऱ्यावरच्या आप्पांनी पेढा तोंडात टाकला अन् म्हणाले, "पुरावा घावला न्हाय म्हंजे किती हुशारीनं केलं असंल बघ." पुरावा असता तर खुनी, नसला तर हुशार खुनी. पेढा तेवढा गिळला.

*

औंदा कुणीतरी त्या खटल्याचा व्हिडिओ काढला. आण्णाच्या फोटोभोवती लाल गोल. माझी नातसून म्हणाली, "गोल काढलाय म्हंजे कायतरी असंलच की, आजी."

मी म्हटलं, "आण तुझा फोटो. काढते गोल."

*

परवा बोरगावचे पाहुणे आण्णाच्या नातीला बघायला आलते. पोरगी पसंत, सगळं ठरत आलतं. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या मामानं मोबाईल काढून तोच व्हिडिओ लावला. पोरीला नाव ठेवत न्हाय म्हणाला, पण घर असलं. आण्णा मान खाली घालून बसला. पोरगी दारात तशीच उभी. मी तोंड उघडणार, तर मामाच बोलला, "त्या मेलेल्या पुढाऱ्याच्या बायकोचा तळतळाट लागलाय ह्या घराला. आमच्या पोराला कशाला?"

आतनं आमच्यासंगं विड्या वळणारी गंगाक्का पोह्याच्या बशा घेऊन आली. पहिली बशी तिनं मामाच्या हातात दिली.

"न्हाय लागला. मीच ती बायको. खावा, गार हुतील."