पेडलजवळची डबी

शेवंतीचा उग्र वास आला की उत्तरेतल्या जानकीपुरमचे आमचे शेजारी आठवतात. ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं की माझी गाडी क्षणभर विचार करून मग हलायची आणि ते कुंड्यांना पाणी घालताघालता रोज विचारायचे, “भाभीजी, बैलगाड़ी है क्या?” आमचे हेही सोबत हसायचे. मी गुपचूप पेडलला गाडीचा प्रतिसाद मंद-तेज करणारी इलेक्ट्रॉनिक डबी जोडून घेतली. पाय टेकवताच गाडी उसळू लागली. एका रविवारी शेजारी म्हणाले, “चाबी दीजिए, हम चलाकर दिखाते हैं.” मी डबी सर्वांत तेजवर लावली आणि किल्ली दिली. त्यांनी जोरात पेडल दाबलं आणि गाडी त्यांच्याच शेवंतीत घुसली. “आराम से भैया, बैलगाड़ी है,” मी म्हणाले. डबी अजून तेजवरच असते. ह्यांनी अजून किल्ली मागितलेली नाही.