जोर तेवढाच

कुणी काही ढकलताना दिसलं की वाघमारे सरांना राहवत नसे. भालकीच्या बाजारात एखाद्याची मोटारसायकल बंद पडली, तो ती ढकलायला लागला आणि बायको मागच्या सीटवर तशीच बसून राहिली, की सर रस्ता ओलांडून तिथं हजर. "वहिनी, जरा उतरा. ह्येचा जोर तेवढाच हाय. वस्तुमान कमी झालं की त्वरण वाढतंय बघा." वहिनी गोंधळून उतरत. नवरा मात्र खूश होई.

हायस्कुलात आम्हाला भौतिकशास्त्र त्यांनीच शिकवलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे फळ्यावर लिहिण्याआधी ते वर्गातल्या सगळ्यांत किरकोळ आणि सगळ्यांत जाड पोराला पाळीपाळीनं हातगाड्यावर बसवत आणि मला सारख्याच जोरानं ढकलायला लावत. "कोण लवकर पळालं? कामून?" उत्तर आल्याशिवाय सोडत नसत. निवृत्त झाले, तरी खोड गेली नाही. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

त्यांच्या बायकोला, शांताअक्काला, लकवा झाला होता. वर्षातून एकदा, जयंतीला, ती दारात खुर्ची मांडून घेई आणि मांडीवर फुलं घेऊन मिरवणुकीची वाट बघे. गेल्या वर्षी तर मुलगा दोघांना कायमचं बीदरला न्यायचं म्हणत होता. म्हणजे गल्लीतली तिची ती शेवटचीच जयंती.

नेमका त्याच दिवशी आमच्या गल्लीच्या चढाखाली मिरवणुकीचा ट्रॅक्टर बंद पडला. पोलिसांनी दिलेली वेळ संपत आलेली. पोरं म्हणाली, "सर, औंदा गल्लीत येणं होत न्हाई. दुसरा ट्रॅक्टर आला की सरळ चौकात जातो."

"अक्का बसलीय रे दारात," सर एवढंच म्हणाले.

पोरांनी ट्रॅक्टर सोडवला. मग ट्रॉलीलाच हात लावले. ट्रॉलीत पुढं तसबीर, मागं माणसाएवढे डीजेचे बॉक्स आणि जनरेटर. ट्रॉली जागची हलेना. होती नव्हती तेवढी माणसं लागलीच होती.

"जोर वाढत न्हाई का? मंग वस्तुमान उतरवा," सर म्हणाले.

"बॉक्स उतरवल्यावर मिरवणूक कसली, सर?"

"आन् चढाखाली थांबलेली मिरवणूक कसली?"

कुरकुरत बॉक्स उतरले. सगळ्यांनी एकदम जोर लावला, तशी ट्रॉली अशी निघाली की सरच मागं पडले. डीजे नाही म्हणून माझ्या आईनं गाणं धरलं, बाकीच्या बायांनी ते उचललं.

ट्रॉली दाराशी थांबली. पोरांनी चाकांमागं दगड लावले. अक्कानं चालत्या हातानं फुलं वाहिली. सर धापा टाकत पोचले. "लई उशीर झाला ना?"

"होऊ द्या," अक्का जड जिभेनं म्हणाली. "इतक्या वर्षांत औंदाच गाण्यातलं बोल समजलं."