आठवीतली सोबत

माझी भाची आठवीत गेली ते वर्ष मी तिच्याबरोबर हायस्कुलाच्या बाकावर बसून काढलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. हे सांगितलं की आजही लोक हसतात. हसू द्या, तेव्हाही हसायचेच.

आम्ही मुरुमला राहत होतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, प्राथमिक शाळेत मास्तर होता. माझा नवरा लग्नानंतर पाच वर्षांत विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून मी दादाच्या घरी परत आले. घरात माझं काम कोणतं, तर जे दुसऱ्या कुणाचंच नाही ते. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावातलं हायस्कूल उर्दूचं मराठी झालं होतं, पण जुने मास्तर अजून वर्गाला जमात आणि सुट्टीला छुट्टी म्हणायचे. हायस्कूल आठवीपासून सुरू व्हायचं, आणि त्या वर्षी आठवीत तीस-पस्तीस मुलगे आणि मुलगी एकटी आमचीच.

हेडमास्तर दादाला म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे, पण एवढ्या पोरांत एकटी मुलगी बसवायची जोखीम मी घेणार नाही. कुणाची तरी सोबत आणा, मग नाव घालतो." वहिनीचं म्हणणं सरळ होतं. सातवी झाली, पुष्कळ झालं, आता स्थळं बघा. दादानं दोघांचं ऐकल्यासारखं केलं. एक वर्ष बघू, म्हणाला. पोर रुळली तर पुढं शिकेल, नाही रुळली तर स्थळं बघायला लागू. सोबतीला कोण, तर घरात रिकामी मी. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरंच.

पहिले दिवस ती वर्गात आणि मी बाहेर व्हरांड्यात. हाजिरीला तिचं नाव आलं की आतून आवाजच येत नसे. मास्तर दोनदा पुकारायचे आणि मुलं खुसखुसायची. डबा भरलेला परत यायचा. पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिला ताप भरला. "मी म्हणत नव्हते?" वहिनी म्हणाली. तापाचं कारण मला पोरीनं डोक्यावर पांघरूण ओढून सांगितलं. शाळेत मुलींना लघवीला जायला जागाच नव्हती. म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती. हेडमास्तर काय, दादा काय, कुणाच्या मनात ही गोष्ट आली नव्हती. शिकलेल्या पुरुषांच्या डोक्यात साऱ्या जगाचं येतं, एवढंच नेमकं येत नाही.

शाळेच्या मागं एक म्हातारी राहायची. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं आणि मला कानडी येत नव्हती. मी पोरीकडं बोट दाखवलं, मग तिच्या परसाकडं दाखवलं. म्हातारी लगेच उठली, "बा, बा", म्हणजे ये, ये, म्हणत पोरीला हाताला धरून आत घेऊन गेली, आणि वर तांब्याभर पाणीही पाजलं. तेव्हापासून मधल्या छुट्टीत आम्ही तिच्याकडं जाऊ लागलो. पोर पाणी प्यायला लागली, मग डबाही खायला लागली. हाजिरीचा सराव मी वाटेत घ्यायचे. मी तिचं नाव पुकारायचे, ती "हाजिर" म्हणायची, आणि बाजारातली माणसं वळून बघायची. एके दिवशी व्हरांड्यात बसल्या बसल्या मला आतून तिचा "हाजिर" स्वच्छ ऐकू आला. मला रडू आलं. लग्नातही मी एवढी रडले नव्हते.

मग कुणीतरी तिच्या पोलक्यावर मागून शाई उडवली. मी सरळ वर्गात गेले आणि मागच्या ओळीतल्या एकेका मुलाच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. गणिताचे मास्तर वयस्क होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आतच बसत जा. त्यांनाही बरं, मलाही बरं." दाराजवळ एक मोडका बाक होता. त्यावर भिंतीकडं पोर आणि अलीकडं मी, अशा आम्ही बसू लागलो.

सुरुवातीला मी फक्त मुलांवर नजर ठेवायचे. पण कान काही मिटता येत नाहीत. एकदा मास्तरांनी सांगितलं, त्रिकोण कसलाही काढा, त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनच येते. मला ते पटेना. घरी येऊन साखरेच्या पुड्याचा कागद घेतला, वेडावाकडा त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडून एकाशेजारी एक ठेवले. सरळ रेघ झाली. दुसरा कापला, तिसरा कापला, तरी सरळ रेघच. वहिनी म्हणाली, "पोरीपेक्षा तुम्हालाच खूळ लागलंय." खोटं कशाला बोलू, लागलंच होतं. माझ्या आयुष्यात तोवर जे जे घडलं ते कुणीतरी ठरवलं म्हणून घडलं होतं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, ते नुसतं तसं होतं, आणि ते मला कळलं होतं. त्या आनंदाला माझ्यासारखीच्या घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो शाळेतच ठेवत असे.

मी एक वही केली. पोरीनं लिहिलं की मीही लिहायचे. संध्याकाळी तिला अडलं तर मी सांगायचे, मला अडलं तर ती. एकदा मास्तरांनी विचारलेलं कुणालाच येईना, तेव्हा माझ्या तोंडून हळूच उत्तर निघून गेलं. सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले आणि फळ्याकडं वळले. त्या दोन शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

दिवाळीपर्यंत पोर रुळली. मीही रुळले, आणि तिथंच बिघडलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यातली गोष्ट. मधल्या छुट्टीत पोर म्हातारीकडं गेली होती आणि मी वही मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले होते. बाजारातले एक आडते समोर आले. त्यांच्या मागं त्यांची मुलगी होती, आमच्या पोरीच्याच वयाची, पण उंच. घरी ती मंडळी कानडी बोलत, आमच्याशी मराठी.

"अक्का," ते म्हणाले, "आमची पोरगी सातवी पास होऊन घरीच बसलीया. हायस्कुलात घाला म्हनून लई मागं लागलीया. आता बी नाव घालतो म्हनत्यात हेडमास्तर. तुमच्या पोरीला बी सोबत हुईल, तुमची बी सुटका. तुमी रोज आत बसता म्हनून इचारतो, पोरीच्या जातीला कसं हाय तिथं?"

त्यांनी सुटका म्हटलं आणि माझ्या ध्यानात आलं. दोन मुली झाल्या की एकीला दुसरीची सोबत. मग या बाकावर माझं काय काम?

मी म्हटलं, "मुलं टारगट आहेत. पोलक्यावर शाई उडवतात. मुलींना जायला जागा नाही. आमची पोर त्यापायी आजारी पडली होती. मी बसते म्हणून निभतं. तुमच्या घरातलं कुणी येऊन बसणार असेल तर घाला."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त मी सांगत होते ते सगळं पहिल्या दोन महिन्यांतलं होतं. शाई उडायची केव्हाच थांबली होती. म्हातारीच्या परसाचं मी बोलले नाही. गणिताचे मास्तर किती भले आहेत, हेही बोलले नाही.

"आमच्या घरातनं कोन बसनार?" ते म्हणाले. "न्हाय, मंग नको. बरं झालं तुमाला इचारलं." मुलगी एवढा वेळ माझ्या मांडीवरच्या वहीकडं बघत होती. मी वही उलटी केली. दोघं गेली, घंटा झाली, आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले. त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना भाची म्हणाली, "आत्या, वर्गात अजून एक तरी मुलगी असती तर बरं झालं असतं. तुझ्याशी सगळं नाही बोलता येत." मी तिच्यापुढं माझ्या वाटणीची चटणी सरकवली. ज्या पोरीला रुळवायला मला धाडलं होतं, तिचीच मैत्रीण मी दारातून परत पाठवली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर शहाणपण आलं असं म्हणायची सोय मला नाही. आडत्यांकडं जाऊन बोललेलं फिरवावं, असं मी रोज ठरवायचे. आज नको, उद्या जाऊ, असं करता करता संक्रांत गेली, होळी गेली आणि परीक्षा आली.

भाची वर्गात तिसरी आली. दादानं पेढे वाटले. मे महिन्यात एकदा मी कुरडया वाळत घालत होते, तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि खाली बघून म्हणाली, "आत्या, नववीला तू आली नाहीस तरी चालेल. आता मला भीती वाटत नाही. मुलं विचारतात, तुझी आत्या पास झाली का म्हणून." हेडमास्तरांचीही आता हरकत नव्हती. वर्षाची बोली होती, पोर रुळली होती, माझं काम झालं होतं. मी दादाला विचारून पाहिलं, की मी बाहेरून सातवीला बसू का. दादा टोपी घालून बाहेर पडला. वहिनीनं पापडाचं पीठ माझ्यापुढं सरकवलं.

जूनमध्ये भाची एकटी शाळेला जायला लागली. शाळेची घंटा आमच्या घरात ऐकू यायची. पहिल्या घंटेला मी तांदूळ निवडायला घ्यायचे आणि मधल्या छुट्टीच्या घंटेला भांडी. कुणी मेल्यावर रडता येतं, लोक जवळ येऊन बसतात. याला रडायचं कसं, ते मला समजत नव्हतं.

आडत्यांच्या मुलीचं लग्न वैशाखातच झालं होतं. आषाढात ती माहेरी आली, आणि एका दुपारी आमच्या घरी आली. हातभर हिरवा चुडा होता. आधी वहिनीच्या पाया पडली, मग माझ्याकडं वळली. मी पाय मागं घेतले. नव्या नवरीनं माझ्यासारखीच्या पाया पडू नये, हे कुणालाही कळतं. तरी ती पडलीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. हिला सगळं कळलंय आणि ही मला विचारायलाच आलीय, असंच मला वाटलं.

"अक्का," ती म्हणाली, "आमचे आप्पा समद्यांना सांगत्यात, मास्तरांच्या भैनीनं खरं सांगितलं म्हनून आमी वाचलो. न्हाय तर माझी लई फजिती झाली असती. सासरी बी सांगितलं म्या."

वहिनी कौतुकानं माझ्याकडं बघत होती. त्या घरात माझं कौतुक क्वचितच व्हायचं. आता खरं सांगून तिला काय मिळणार होतं? आणि न सांगून मी कुणाला वाचवत होते, तर नेहमीप्रमाणे मलाच.

वहिनी चहा ठेवायला आत गेली, तशी ती माझ्याजवळ सरकून बसली. आवाज बारीक करून म्हणाली, "येक इचारू का? आठवीत काय काय शिकवत्यात वो?"

तिनं हे सासरी कुणाला विचारलं नसणार. विचारण्यासारखं माणूस तिला एक मीच होते. सगळं वर्ष माझ्या ओठापर्यंत आलं. जी पोर दार बंद झालं म्हणून माझे आभार मानायला आली होती, तिला दारापलीकडं काय काय होतं ते सांगायची माझी छाती झाली नाही.

"काही विशेष नसतं गं," मी म्हटलं.

तिनं मोठा श्वास सोडला आणि हसली.

"मंग बरं झालं," ती म्हणाली.