पाठ असलेला नंबर

माझं पहिलं ईमेल खातं उघडलं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि नवरा जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या कंपनीला कागद पाठवायचे तर माझा ईमेल हवा होता. मीरा रोडला आमच्या बिल्डिंगखालीच झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या बाई ऑनलाइन फॉर्मही भरून देतात. त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवसांत मला काहीच वाटत नसे. कोणी बस म्हटलं की बसायचे, सही कर म्हटलं की करायचे.

"आंटी, मोबाईल नंबर बोलो," बाई म्हणाल्या.

मी नवऱ्याचा नंबर सांगितला. मुद्दाम नव्हे. गॅस, रेशन, मुलीचं कॉलेज, आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर तोच लिहिला. माझा स्वतःचा नंबर मला आजही पाठ नाही. त्यांचा फोन पर्समध्येच होता. त्यावर कोड आला, मी वाचून दाखवला, खातं उघडलं. बाईंनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, आणि ती चिठ्ठी मी इतकी जपून ठेवली की पुन्हा कधी सापडली नाही.

"अब खुद को एक मेल भेजो, प्रॅक्टिस के लिए."

माझ्या फोनमध्ये नवऱ्याचा एकच व्हॉइस मेसेज होता. असे मेसेज पाठवणं त्यांना आवडत नसे. तो एकदाच पाठवला होता, मी रागाने फोन उचलत नव्हते म्हणून. तोच मी स्वतःला पाठवला. आता फोन गेला तरी हा जाणार नाही, असं बाईंनी सांगितलं.

पुढे त्यांचा फोन ड्रॉवरमध्ये गेला. रिचार्ज संपला तो मी केला नाही. गेलेल्या माणसाच्या फोनला रिचार्ज कशाला, असं मुलीवर खेकसले होते.

दोन वर्षांनी माझा फोन भांड्यांच्या पाण्यात पडला. नवा घेतला, जुने मेसेज सगळे गेले. मेल पासवर्ड मागू लागला. मुलीचा वाढदिवस, लग्नाची तारीख, सुचेल ते घालून पाहिलं. शेवटी स्क्रीनवर आलं, कोड पाठवला आहे. पुढे फुल्या आणि शेवटचे दोन आकडे त्यांच्या नंबरचे. त्यांचा आवाज आता फक्त त्या खात्यात होता, आणि ड्रॉवरमधलं सिम मीच बंद पडू दिलं होतं.

उगाच तो नंबर लावून पाहिला. रिंग गेली.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज.

"अहो," मी म्हणाले. त्या नंबरवर मी दुसरं काही म्हटलंच नव्हतं कधी. मग सावरून हिंदीत सांगितलं की हा नंबर आधी माझ्या मिस्टरांचा होता, ते वारले, आता तुमच्याकडे एक कोड आला असेल.

"ओटीपी किसी को नहीं देते, आंटी. बहुत फ्रॉड चलता है."

त्याचं बरोबरच होतं. मीही दिला नसता. तरी मी चिडले.

"उसमें पैसा नहीं है, भैया. उनकी आवाज है. बस."

भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलले मी, एकदम कोरडं.

"इस नंबर पे लोग अभी भी उनको पूछते हैं," तो म्हणाला. "मैं राँग नंबर बोल देता हूँ. लिखिए."

सहा आकडे त्याने सावकाश, दोनदा वाचले. मी थँक्यू म्हणायचंही विसरले.

खातं उघडण्याआधी एक प्रश्न आला: हा नंबर अजून तुमचाच आहे का? मी 'हो' दाबलं.

मेसेज होता. मागे हॉर्न वाजत होते. "वरसाव्याला अडकलोय गं. पूल जाम आहे. तू जेवून घे, थांबू नको."

त्या दिवशी मी थांबले होते. नेहमीच थांबायचे आणि ते आले की उपाशीपोटी भांडायचे. आता दुपारचे तीन वाजले होते, आणि या पासवर्डच्या नादात सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची फार आठवण आली. मी आमटी गरम केली, ताट वाढून घेतलं आणि जेवले.